वॉशिंग मशीन धुता धुता थांबते तेव्हा: मोटरवरचा जादा भार कसा शोधावा

पुण्यात धायरीला माझ्या आईकडे दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. ते धुता धुता आठव्या-नवव्या मिनिटाला गप्प होऊ लागले. टायमरची टिकटिक चालूच असायची, पण पाणी हलायचे नाही. अर्ध्या तासाने बटण पुन्हा फिरवले की कपडे पूर्वीसारखेच घुसळू लागायचे. घरी आलेल्या कारागिराने मागचे झाकणही न उघडता ‘मोटर गेली’ असे सांगितले, दुसऱ्या दिवशी मोटर बदलली, आणि नवी मोटर तिसऱ्या धुण्याला जुनीसारखीच थांबली. आईच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे एक काका भोसरीला मोटर रिवाइंडिंगचे काम करून निवृत्त झाले आहेत. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते म्हणाले, “मोटरचं नंतर बघू. किती मिनिटांनी थांबते आणि किती मिनिटांनी उठते, एवढं तीन दिवस लिहून आण गं.”

त्या तीन दिवसांच्या नोंदींवरून जे कळले आणि पुढे माझ्या, बहिणीच्या व दोन शेजाऱ्यांच्या मशीनवर जे पडताळून पाहिले, ते येथे क्रमाने मांडत आहे. हा क्रम कृपया बदलू नका. बिनखर्चाच्या आणि बिनधोक तपासण्या आधी आहेत, तर मोटर मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे, कारण मोटर थांबण्याचे कारण पुष्कळदा मोटरच्या बाहेर असते आणि ते तसेच राहिले तर नवी मोटरही त्याच वाटेने जाते.

ओव्हरलोड म्हणजे नेमके काय होते

इंडक्शन मोटरच्या, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या साध्या मोटरच्या, वाइंडिंगला (तारेच्या वेढ्यांना) लागूनच, त्याच दोऱ्याने बांधलेला, बोटाच्या पेराएवढा एक उष्णतारक्षक असतो. कारागीर त्याला ‘थर्मल’ किंवा नुसते ‘ओव्हरलोड’ म्हणतात. त्याच्या आतली दोन धातूंची पट्टी ठरलेल्या तापमानाला वाकून प्रवाह तोडते आणि निवल्यावर पुन्हा जागेवर येते. तारांवरच्या वेष्टनाची सहनशक्ती वर्गवारीने ठरलेली असते: बी वर्गाचे वेष्टन १३० अंश सेल्सिअसपर्यंत आणि एफ वर्गाचे १५५ अंशांपर्यंत टिकते. वेष्टन जळण्याआधी मोटर बंद करणे हे या थर्मलचे काम आहे. त्यामुळे मोटर थांबून अर्ध्या तासाने पुन्हा चालत असेल, तर थर्मल आपले काम चोख करत आहे असे समजावे. शोधायचे आहे ते उष्णतेचे कारण.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून थोडासा जादा भारही मोटरला काही मिनिटांत तापवतो, आणि जागीच अडकलेली मोटर तर मिनिटभरातही बंद पडू शकते.

लागणारी साधने आणि कागद

- धारिता (कपॅसिटन्स) मोजण्याची सोय असलेला डिजिटल मल्टिमीटर
- क्लॅम्प मीटर (मिळाल्यास, शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मागून आणला तरी चालतो)
- सॉकेटमध्ये खोचून विजेचा दाब (व्होल्टेज) दाखवणारा छोटा व्होल्टमीटर
- सामानाची बॅग तोलण्याचा लटकता वजनकाटा
- स्टार स्क्रू ड्रायव्हर, ८ आणि १० नंबरचे पाने, टॉर्च
- घड्याळ आणि वही

कागदांमध्ये खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, मशीनबरोबर आलेली पुस्तिका आणि आधीच्या दुरुस्तीच्या पावत्या एकत्र काढून ठेवा. मशीनच्या मागे किंवा फ्रंट लोडच्या दारामागे चिकटवलेल्या पाटीचा फोटो घ्या. तिच्यावर मॉडेल, क्रमांक, वॅट आणि कपड्यांची क्षमता असते. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या मागच्या झाकणावर पुष्कळदा वायरिंगचा नकाशाही चिकटवलेला असतो, त्याचाही फोटो घ्या. वॉरंटी चालू असेल तर पाचव्या पायरीपासून पुढे स्वतः जाऊ नका. काही कंपन्या मोटरवर संपूर्ण मशीनपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात आणि ती अनेकांच्या लक्षातच राहत नाही. झाकण उघडण्याआधी कार्ड नीट वाचा.

१. मशीन कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवा

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये धुण्याची आणि पिळण्याची अशा दोन वेगळ्या इंडक्शन मोटर असतात, त्यामुळे कोणती बाजू थांबते यावरून निम्मा शोध तिथेच संपतो. जुन्या धाटणीच्या टॉप लोडमध्ये एकच इंडक्शन मोटर बेल्टने गिअर बॉक्स आणि क्लच फिरवते. फ्रंट लोडमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते किंवा इन्व्हर्टर मोटर (ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनिक कार्डाने चालणारी) असते. इन्व्हर्टर मोटर काही मशीनमध्ये बेल्टशिवाय थेट ड्रमला जोडलेली असते. खालच्या सहा ते दहा या पायऱ्या मुख्यतः इंडक्शन मोटरच्या आहेत. फ्रंट लोड आणि इन्व्हर्टरसाठी पहिल्या पाच पायऱ्या करून अकराव्या पायरीकडे जावे.

२. थांबण्याची आणि उठण्याची वेळ लिहा

पहिल्यांदा हे पाहा की बंद काय पडले. घरातला एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा स्विच) पडला असेल तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे किंवा त्या लाइनवर एकूण भार जास्त झाला आहे. आरसीसीबी (वीजगळतीला पडणारा स्विच) पडला असेल तर वीज कुठेतरी मशीनच्या अंगात उतरत आहे. अशा वेळी प्लग काढा आणि मशीनला हात लावू नका. दोन्ही स्विच जागेवर असून मोटर तेवढी गप्प झाली असेल, तरच पुढचे तपासणे तुमच्या कामाचे आहे.

आता वहीत चार रकाने करा: किती कपडे होते, किती मिनिटांनी थांबले, थांबताना आवाज कसा होता, किती मिनिटांनी पुन्हा चालले. मोटर नुसती घूं घूं करून मिनिटभरातच थांबत असेल तर काहीतरी अडकले आहे किंवा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेला आहे. पाच ते पंधरा मिनिटांनी थांबत असेल तर भार जास्त आहे, विजेचा दाब कमी आहे किंवा एखादा भाग जड फिरतो आहे. पहिली दोन धुणी नीट होऊन तिसऱ्या-चौथ्या धुण्याला थांबत असेल तर मोटरला निवायला वेळ मिळत नाही. सेमी-ऑटोमॅटिकचा धुण्याचा टायमर बहुधा १५ मिनिटांचा आणि पिळण्याचा ५ मिनिटांचा असतो. सलग तासन्‌तास चालवण्यासाठी या मोटर बनवलेल्या नसतात. पश्चिमेच्या ड्राय बाल्कनीत, एप्रिलच्या दुपारी, पाठ भिंतीला टेकवलेल्या मशीनमध्ये हा दोष हमखास दिसतो. भिंतीपासून वीतभर पुढे ओढून आणि सकाळी धुऊन तो गेला, तर काहीही उघडण्याची गरज नाही.

आणखी एक खूण फार उपयोगाची आहे. प्लग काढून लगेच लावल्यावर मशीन तत्काळ चालू होत असेल, तर तो थर्मल नव्हे, कारण थर्मलला निवायला वेळ लागतोच. अर्धा मिनिट थांबून मशीन उठले तर सैल जोडणी, झाकणाचा स्विच किंवा इलेक्ट्रॉनिक कार्ड यांच्याकडे पाहावे.

३. कपडे, पाणी आणि साबण

मशीनवर लिहिलेले साडेसहा किंवा सात किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते, तेही सुती कपड्यांच्या प्रोग्रामसाठी. सिंथेटिक आणि झटपट धुण्याच्या प्रोग्रामची मर्यादा त्याहून बरीच कमी असते आणि ती पुस्तिकेत दिलेली असते. एकदा तरी कपडे पिशवीत भरून काट्यावर तोला. मी तोलले तेव्हा दोन डबल बेडच्या चादरी, दोन जीन्स आणि तीन टॉवेल मिळूनच पाच किलोंच्या आसपास भरले, आणि मी त्यांच्यावर नेहमी घरातले बाकीचे सगळे कपडे टाकत आले होते. गोधडी आणि सतरंजी तर मशीनमध्ये घालूच नये: भिजल्यावर त्या दुपटीहून जड होतात आणि पल्सेटरवर, म्हणजे टबाच्या तळाच्या फिरत्या चकतीवर, गोळा होऊन बसतात.

टॉप लोड आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये कमी पाणीही मोटरला जड जाते, कारण कपडे तरंगण्याऐवजी पल्सेटरला घासत राहतात. सोसायटीची टाकी रिकामी होत आली असताना, विशेषतः दुरुस्तीच्या कामासाठी पाणी बंद असलेल्या गुरुवारी, बादलीने अर्धा टब भरून काम उरकण्याची सवय अनेक घरांत आहे. त्या दिवशी कपडेही निम्मे घाला.

साबणाचा सापळा आपल्याकडे वेगळा आहे. महापालिकेचे खडकवासल्याचे पाणी हलके असते, तर बोअरचे आणि टँकरचे पाणी जड. जड पाण्यात फेस होत नाही म्हणून हात सैल सुटतो, आणि नंतर टाकीत महापालिकेचे पाणी आले की तेवढ्याच पावडरीचा फेस दारापर्यंत येतो. फ्रंट लोडमध्ये ड्रम आणि बाहेरचा टब यांच्यामध्ये दाटलेला फेस ड्रमला अक्षरशः धरून ठेवतो. पिळताना मोटर त्याच्याशी झुंजते आणि मशीन मोटरचा किंवा असमतोलाचा दोष दाखवते. पावडर निम्मी करून दोन धुणी पाहा.

४. सॉकेटवरचा दाब पाहा, मशीन चालू असताना

मशीन बंद असताना २३० व्होल्ट दिसणे पुरेसे नाही. व्होल्टमीटर शेजारच्या सॉकेटमध्ये खोचा, मशीन कपड्यांसह सुरू करा आणि आकडा किती खाली येतो ते पाहा. इंडक्शन मोटरचे फिरवण्याचे बळ, म्हणजे टॉर्क, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २३० वरून १८० वर आला, तर बळ जेमतेम ६१ टक्के उरते; कपडे तेवढेच असतात, म्हणून मोटर मंदावते, जास्त प्रवाह ओढते आणि तापते. संध्याकाळीच मशीन थांबते आणि पहाटे थांबत नाही असे वहीत दिसले, तर पहिला संशय दाबावर घ्यावा.

मशीन चालू होताच आकडा १५-२० व्होल्टांनी पडत असेल तर दोष बहुधा घरातच आहे: बारीक तारेची लांब एक्स्टेंशन, काळवंडलेले सॉकेट किंवा सैल स्क्रू. मशीन चालवल्यावर प्लगच्या पिना हाताला गरम लागतात का ते प्लग काढून पाहा. वॉशिंग मशीन नेहमी अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर थेट लावावे. संपूर्ण इमारतीतच दाब कमी येत असेल तर महावितरणकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ठेवावा.

५. झाकण उघडण्याआधी

प्लग सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही. पाणी पूर्ण काढा, जमीन कोरडी करा आणि पायांत रबरी चप्पल घाला. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. स्क्रू ड्रायव्हरने त्याच्या दोन टोकांना शॉर्ट करण्याची सवय कारागिरांमध्ये दिसते, पण तुम्ही ते करू नका: ठिणगी उडते आणि कपॅसिटरही खराब होतो. होल्डरला जोडलेल्या साध्या पिवळ्या बल्बच्या दोन इन्शुलेटेड वायरी काही सेकंद टोकांना टेकवा. उघडण्याआधी आणि प्रत्येक वायर काढण्याआधी मोबाइलने फोटो घ्या.

आत पाहताच दोन गोष्टी तपासा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि खालची जाळी नाहीशी झालेली मशीन पुण्यात फार दिसतात. आणि मोटरवर पांढरट ओघळ किंवा गंज दिसला, तर वरून कुठले तरी सील गळत आहे.

६. बेल्ट काढून दोन्ही बाजू वेगळ्या करा

संपूर्ण शोधात मला सर्वांत मोलाची वाटलेली तपासणी हीच. प्लग काढलेला असताना बेल्ट पुलीवरून उतरवा. आता एकीकडे नुसती मोटर आहे आणि दुसरीकडे गिअर बॉक्स, पल्सेटर आणि टब. मोठी पुली दोन बोटांनी फिरवा. ती सहज, आवाज न करता फिरली पाहिजे. मग मोटरची लहान पुली फिरवा. ती तर एका टिचकीने दोन-तीन फेरे घेते.

आईच्या मशीनची मोठी पुली मी फिरवली तेव्हा ती अर्धा फेरा हलकी गेली आणि मग बोटांखाली बारीक वाळू दळल्यासारखी खरखर जाणवू लागली. वरून पल्सेटरचा स्क्रू काढून चकती उचलली, तेव्हा खाली ब्लाउजचा एक हूक, दोऱ्याचा लिंबाएवढा गुंता आणि शाफ्टभोवती तपकिरी, चिखलासारखा गंज होता. शाफ्टचे सील झिजले होते, पाणी गिअर बॉक्समध्ये उतरले होते, आणि दोन्ही मोटरना त्या गंजातून शाफ्ट फिरवावा लागत होता. सील आणि गिअर बॉक्स बदलल्यावर त्याच मोटरने पंधरा मिनिटे न थांबता काढली. जुनी मोटरही बहुधा चांगलीच होती. ती कारागिराने नेली आणि मी मागून घेतली नाही, याची हळहळ आजही वाटते.

दोन्ही पुली हलक्या असतील तर बेल्ट पाहा. फार ताणलेला बेल्ट बेअरिंगवर जोर देतो आणि सैल बेल्ट घसरून जळका वास देतो. मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबावा. बदलताना जुन्या बेल्टवर छापलेला क्रमांकच घ्यावा. ‘हाही बसेल’ म्हणून दिलेला थोडा लहान बेल्ट हा जादा भाराचाच एक प्रकार आहे.

बेल्ट काढलेला असताना, वायरी आणि हात दूर आहेत याची खात्री करून, इंडक्शन मोटर मिनिटभर चालवून पाहता येते. ती एकटी झटक्यात सुरू होत असेल तर दोष टबाच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. एकटी असूनही घूं घूं करत असेल तर पुढच्या पायऱ्या पाहा. कार्बन ब्रशच्या मोटरला मात्र हे कधीही करू नका. भाराविना थेट विजेवर ती बेफाम वेग घेते.

७. पिळण्याची बाजू: ब्रेक आणि सील

पिळण्याच्या टबाला बेल्ट नसतो, मोटर थेट जोडलेली असते. झाकण उघडल्यावर टब थांबावा म्हणून ब्रेक असतो आणि झाकण बंद केल्यावर एक वायर ब्रेकला ओढून धरते. ती वायर सैल झाली किंवा तुटली की मोटर ब्रेक लागलेल्या स्थितीत फिरण्याचा प्रयत्न करते. प्लग काढून झाकण बंद ठेवा आणि खालून मोटरची ब्रेकची चकती हाताने फिरवा. घासत असेल तर वायर ताणावी किंवा बदलावी. ही दुरुस्ती मोटरच्या मानाने अगदी किरकोळ खर्चाची आहे.

टबाखालचे रबरी सील फाटले की पाणी सरळ पिळण्याच्या मोटरवर ठिबकते. अशी मोटर बदलताना सील न बदलणे म्हणजे पुढची मोटर आजच ऑर्डर करणे होय.

८. कपॅसिटर

कारागीर याला कंडेन्सर म्हणतात. तो कमजोर झाला की रिकामे मशीन चालते आणि कपडे घातले की घूं घूं करते, म्हणून लोक कपडे कमी करत जातात आणि दोष लपून राहतो. वीज उतरवून, वायरी सोडवून मल्टिमीटरने मोजा. अंगावर १० मायक्रोफॅरड आणि ५ टक्के फरक असे लिहिले असेल तर साडेनऊ ते साडेदहा यांमध्ये आकडा यायला हवा. ७ किंवा ८ आला तर बदलावा. फुगलेला किंवा तेल सुटलेला असेल तर मोजायचीही गरज नाही. काही सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही मोटरचे कपॅसिटर एकाच डबीत असतात, तेव्हा दोन्ही आकडे पाहा.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कपॅसिटर सहज मिळतो. जुना बरोबर न्या. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त, पण कमी कधीच नकोत. ‘थोडा मोठा टाका, जोर वाढेल’ असा सल्ला मिळाला तर तो ऐकू नका, कारण मोठ्या कपॅसिटरने वाइंडिंगमधला प्रवाह वाढतो आणि मोटर जास्तच तापते.

९. वाइंडिंगचा रोध

धुण्याच्या मोटरला तीन वायरी असतात: एक सामाईक आणि दोन टोके. ही मोटर उलटसुलट फिरते, म्हणून तिची दोन्ही वाइंडिंग सारखी असतात. सामाईक वायरपासून दोन्ही टोकांचा रोध जवळपास सारखा आणि टोक ते टोक त्यांची बेरीज आली पाहिजे: २२, २२ आणि ४४ ओहम, अशा धर्तीवर. एका बाजूला आकडा बराच कमी असेल तर वाइंडिंगचे वेढे आपसांत चिकटले आहेत. पिळण्याची मोटर एकाच दिशेने फिरते. तिची दोन वाइंडिंग वेगळी असू शकतात, त्यामुळे तिथे असमान आकडे पाहून घाबरू नये.

येथे नवखा माणूस हमखास फसतो. मशीन थांबल्या थांबल्या मोजले आणि सामाईक वायरपासून दोन्हीकडे काहीच आकडा आला नाही, तर मोटर जळाली असे वाटते. पण थर्मल बहुधा सामाईक वायरवरच असतो. टोक ते टोक आकडा बरोबर येत असेल तर वाइंडिंग शाबूत आहे आणि थर्मल उघडा आहे. तासाभराने पुन्हा मोजा. निवल्यावरही तो मिटला नाही, तरच थर्मल गेला.

काकांनी दाखवलेली एक गोष्ट मला फार आवडली. तांब्याचा रोध दर १० अंशांमागे साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे मल्टिमीटरनेच वाइंडिंगचे तापमान काढता येते. समजा सकाळी २८ अंशांना टोक ते टोक ४४ ओहम आले आणि थांबल्यावर लगेच ५६ आले, तर वाढ २७ टक्के झाली, म्हणजे वाइंडिंग जवळपास ७० अंशांनी तापून १०० अंशांच्या घरात आहे, आणि झाकण उघडेपर्यंत थोडे निवले असणार. अशा वेळी थर्मलने मोटर योग्य कारणाने थांबवली आहे. आकडा ४४ चा ४६ सुद्धा झाला नसेल तर मोटर तापलेलीच नाही. थर्मल तरी कमजोर आहे किंवा दोष वायरिंगमध्ये आहे.

शेवटी प्रत्येक वायर आणि मोटरचे अंग यांमध्ये मोजा. तिथे कोणताही आकडा येता कामा नये. ओल आहे का हे नक्की पाहायचे असेल तर रिवाइंडिंगवाल्याकडे ५०० व्होल्टच्या मेगरवर (वेष्टनाचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्यावे. १ मेगओहमपेक्षा कमी आले तर ती मोटर सुकवल्याशिवाय किंवा दुरुस्त केल्याशिवाय लावू नये.

१०. क्लॅम्प मीटरने प्रवाह

क्लॅम्पमध्ये संपूर्ण केबल धरली तर शून्य दिसते, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. एकच वायर धरावी लागते. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून फेजची वायर बाहेर काढलेली छोटी जोडकेबल करून घ्यावी. पाटीवरचे धुण्याचे वॅट २३० ने भागा: ३६० वॅट असतील तर साधारण १.६ अँपिअर. रिकामे, पाणी घालून, कपडे घालून असे तीन आकडे लिहा. रिकाम्या मशीनलाच पाटीवरच्या हिशेबाइतका प्रवाह लागत असेल तर काहीतरी जड फिरते आहे. हीटर असलेल्या मशीनमध्ये मोजणी थंड पाण्याच्या प्रोग्रामवरच करावी, कारण २००० वॅटचा हीटर एकटाच जवळपास ८.७ अँपिअर घेतो आणि मोटरचा आकडा त्यात बुडून जातो.

११. फ्रंट लोड आणि इन्व्हर्टर

या मशीनमध्ये कार्ड मोटरचा वेग आणि प्रवाह पाहत असते आणि गडबड दिसली की कोड दाखवून थांबते. एलजीच्या मशीनवर ‘एलई’ आणि सॅमसंगच्या मशीनवर ‘३सी’ किंवा ‘३ई’ हे मोटरशी संबंधित कोड आहेत; ‘यूई’ हा असमतोलाचा कोड आहे आणि त्यासाठी मोटरला हात लावण्याचे कारण नाही. कोड मोटरचा आला म्हणून मोटरच गेली असे होत नाही, ड्रम अडकला तरी तोच कोड येतो.

प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवा. नाणे किंवा अंतर्वस्त्राची तार अडकली असेल तर एका ठिकाणी टकटक ऐकू येते. घरघर आणि ड्रमची कड वर उचलल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग गेले आहे. घर बदलल्यानंतर दोष सुरू झाला असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले आहेत का ते पाहा. थेट जोडलेल्या इन्व्हर्टर मोटरच्या तीन वायरींमध्ये कोणत्याही दोघींमधला रोध सारखा यावा. तो सारखा असून मोटर झटके देत असेल तर वेग सांगणारा हॉल सेन्सर किंवा त्याची पाण्याने गंजलेली पिन तपासायला सांगावे, कारण सेन्सरची किंमत मोटर आणि कार्ड यांच्या मानाने फारच कमी असते. ब्रशच्या मोटरमध्ये आखूड झालेले कार्बन ठिणग्या टाकतात. ते नेहमी जोडीने बदलावेत.

१२. कारागीर बोलावताना

कंपनीचा क्रमांक पुस्तिकेतून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकांमध्ये भामटेही असतात. ओटीपी किंवा आगाऊ पैसे मागितले की फोन ठेवा. बोलताना ‘मशीन बंद आहे’ एवढेच न सांगता वहीतल्या नोंदी वाचून दाखवा: चार किलो कपडे, नवव्या मिनिटाला थांबते, पंचविसाव्या मिनिटाला उठते, चालू असताना दाब २२४. मोटर बदलायची असे ठरले तर रोध किंवा मेगरचा कोणता आकडा पाहून ठरवले ते विचारा, बदललेला भाग परत मागा आणि बिलावर भागाचे नाव व वॉरंटी लिहून घ्या. तक्रार मिटली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

एका गोष्टीला कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नका. ‘थर्मल काढून डायरेक्ट करतो, मग थांबणार नाही’ असे सुचवले जाते, आणि रिवाइंडिंग करून आलेल्या मोटरमध्ये तो काही वेळा परत बसवलेलाच नसतो. तशी मोटर थांबत नाही हे खरे, पण शाफ्ट अडकल्यावर ती वेष्टन जळेपर्यंत तापत राहते, आणि मशीन ज्या ड्राय बाल्कनीत असते तिथेच अनेक घरांत गॅसचे सिलिंडरही असते. रिवाइंडिंगला देताना थर्मल नवा बसवायचा हे पावतीवर लिहून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर कारागीर असतानाच नेहमीएवढ्या कपड्यांचे एक पूर्ण धुणे लावा, आणि पुढची तीन धुणी वहीत पूर्वीसारखीच नोंदवा. आईच्या वहीत गिअर बॉक्स बदलल्यानंतरच्या तीन नोंदी एकाखाली एक आहेत, तिच्या अक्षरात: चार किलो, पंधरा मिनिटे, थांबले नाही.